कान धरून ठेवा, हलू नका

हिवरखेडचे नामदेवभाऊ आमच्या अकोल्याच्या स्टुडिओत पहिल्यांदा आले ते चुकीची माहिती घेऊन. काउंटरवर दोन्ही हात टेकवून त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याजवळ बिनलाइटीचा कॅमेरा हाये म्हणते लोकं. तो दाखवता का मले?"

असा काही खास कॅमेरा माझ्याकडे नव्हता. पण ही अफवा कुठून निघाली ते मला पक्कं ठाऊक होतं. बार्शीटाकळीला एका टेलरमास्तरांच्या घरी नातू झाला होता आणि त्याचा फोटो काढायला त्यांनी मला बोलावलं होतं. कॅमेरा पिशवीतून काढला तेव्हाच त्यांच्या आईने मला बजावलं, "बेटी, बच्चे की आँख पे चमक नहीं मारना. पहले बोल देती हूँ." खोली लहान, खिडकी एक, तीही गल्लीकडची. मी सुनेला बाळासह खिडकीजवळ बसवलं आणि समोरून तिच्या नणंदेला पांढरी चादर पसरून उभं केलं. खिडकीतून आलेला उजेड चादरीवर आपटतो आणि परत चेहऱ्यावर येतो, एवढीच त्यातली हुशारी. म्हातारी पूर्ण वेळ चमक कधी होते याची वाट बघत माझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती. मी कॅमेरा पिशवीत ठेवला तेव्हा ती म्हणाली, "हो गया? चमका कब?" मी म्हटलं, "चमका ही नहीं, दादी." झालं. अकोल्याच्या बाईजवळ बिनचमकेचा कॅमेरा आहे, हे तिने अख्ख्या गावाला सांगितलं. ती बातमी हिवरखेडला कशी पोचली कुणास ठाऊक.

कमी उजेडातला फोटो म्हणजे नेमकं काय, हे मला गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगावं लागतं. आमच्या अकोल्यात ते समजावणं सोपं जातं, कारण नळाला पाणी चार-सहा दिवसांनी आणि तेही बारीक धारेने येतं हे सगळ्यांना माहीत आहे. उजेड म्हणजे ती धार. धार मोठी असली की भांडं क्षणात भरतं. बारीक असली तर एक तर रुंद तोंडाचं भांडं लावा, म्हणजे भिंगाचं छिद्र मोठं करा. नाहीतर भांडं जास्त वेळ धरून ठेवा, म्हणजे शटर उशिरा बंद करा. पण धरून ठेवताना हात हलला की पाणी सांडतं, तसा फोटोही हलतो. समोरचा माणूस हलला तरी तेच. तिसरा उपाय आहे, थोड्या पाण्यालाच पुष्कळ मानायचं. कॅमेऱ्याला तसं सांगता येतं, पण मग फोटोत रव्यासारखे दाणे दिसायला लागतात. हे तीनही जमत नसेल तर फ्लॅश मारा. बहुतेक फोटोग्राफर तोच मारतात आणि मीही पुष्कळदा मारला आहे.

माझे हात स्थिर आहेत, हे माझं भांडवल. यात माझं कर्तृत्व काही नाही. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या ह्यांचा स्टुडिओ होता आणि मला त्यांनी डार्करूममध्ये उभं केलं. लाल बल्बच्या त्या चिमुकल्या खोलीत मी अठरा वर्षं काढली. अंधाराशी जमवून घ्यायची सवय तिथे लागली. पुढे डिजिटल आलं, डार्करूममध्ये आम्ही झेरॉक्सचं मशीन ठेवलं आणि ह्यांच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून भर उजेडातली कामं ह्यांच्याकडे आणि अंधारातली माझ्याकडे, अशी आमची वाटणी झाली. हे गिऱ्हाइकांना सांगतात, "दिवसाचा फोटोग्राफर मी, संध्याकाळची ही."

तर नामदेवभाऊंसोबत त्या दिवशी त्यांचा मुलगा गोपाल होता. चोवीस वर्षांचा, उंच, हातांना शेवंतीचा वास. त्यांची फुलशेती, झेंडू आणि शेवंती अकोल्याच्या बाजारात आणून विकायची, आणि ते सगळं गोपालच बघायचा. मी नामदेवभाऊंशी बोलत होते आणि पलीकडे आमच्या ह्यांनी सवयीने फ्लॅश चालतो का हे बघायला एकदा तो उडवला. गोपालने झटक्यात एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आई मारणार म्हणून मूल जसं करतं तसं. एवढ्या मोठ्या माणसाने असं का करावं, ते मला कळेना.

नामदेवभाऊंनी दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ताई, याले फिट येते. लाइट लुकलुकले का येते."

गोपाल स्वतः बोलला ते भिंतीकडे बघतच. "नववीत होतो. गॅदरिंगले इस्टेजवर लाइट भकभक करून राहिले होते, अन् मी तिथंच पडलो. सगळ्या शाळेनं पाह्यलं. एका चमकेनं काही होत नाही म्हणते डॉक्टर, पण एकामागं एक चमकले का भरोसा नाही. तवा एक डोळा झाकाचा, असं त्यानंच सांगतलं. तवापासून मी लग्नात जात नाही. चुलतभावाच्या लग्नात मी वावरात बसलो होतो."

"मग आता?" मी विचारलं.

"आता बहिणीचं हाये. मी म्हनलं, तुह्याही लग्नात मी वावरातच बसतो. ते आयकून नाही राहिली."

वैष्णवीने, म्हणजे त्याच्या बहिणीने, घरात स्पष्ट सांगितलं होतं की कान पिळायला गोपाल नसेल तर ती मांडवात यायचीच नाही. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, हा त्याचा अर्थ. नवरदेव मग त्याला काहीतरी भेट देऊन कान सोडवून घेतो. दोन मिनिटांची गंमत असते, पण भावाशिवाय ती होत नाही.

मी म्हटलं, फ्लॅश न मारता सगळं लग्न काढून देते. पण मग माझ्याही अटी होत्या. मांडवात लुकलुकणाऱ्या माळा नकोत. जुन्या ट्यूबलाइट काढून टाका, त्या फडफडतात. पिवळे मोठे बल्ब लावा, भरपूर लावा. मागचा पडदा मरून नको, पांढरा पाहिजे. आणि लग्न गोरज मुहूर्तावर आहे, तर ते गोरजावरच लावा, थोडा तरी आकाशाचा उजेड मिळेल. नामदेवभाऊ सगळ्याला मान हलवत गेले. शेवटी म्हणाले, "एक काम करा ताई. नवरदेवाकडच्यायले फिटचं काही मालूम नाही. समजलं तर म्हणतीन, या घरात रोग हाये. सोयरीक मोडीन. तर हे सारं तुमची अट हाये म्हणून सांगतो. फोटोवाली बाई आयकत नाही म्हणतो. चालते ना?"

मी चालते म्हटलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण कुणाची तरी लाज राखतो आहोत असं वाटलं. आता लिहिताना वाटतं, त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोराला मी निदान एकदा विचारायला हवं होतं की तुला हे चालतं का.

नवरदेव शेंदूरजनाघाटचा. घरी संत्र्याचा बगीचा आणि व्यापार. नवरदेवाचं नाव अक्षय, पण लग्नाची सूत्रं त्याच्या मामांकडे होती. प्रल्हादमामा. आठवडाभरात त्यांचा मला तीनदा फोन आला. पहिल्या वेळी त्यांनी नम्रपणे विचारलं, दुसऱ्या वेळी चिडून, आणि तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मॅडम, आमचं काही चोरीचं लगन नाही. तुमी अंधारात काहून लावून राहिल्या?"

"अंधारात नाही मामा, पिवळ्या बल्बात," मी म्हटलं. "फोटो नैसर्गिक येतात. आजकाल अशीच पद्धत आहे."

"पुन्याची पद्धत असंन ते. आमच्याकडं लग्नात झकपक लागते."

मी पुण्याला आयुष्यात दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा दवाखान्यात कुणाला तरी बघायला. पण मामांच्या डोक्यात मी पुण्याची शिष्ट बाई झाले होते आणि आमचे हे त्यावर आठवडाभर हसत होते.

लग्न दिवाळीनंतरचं, म्हणजे सूर्य लवकर मावळणार. मी आणि हे दुपारीच हिवरखेडला पोचलो. नामदेवभाऊंनी शब्द पाळला होता. मांडवाच्या मागे पांढरा पडदा, त्यावर घरच्या शेवंतीच्या माळा, आणि वर पिवळे बल्ब इतके की मी मोजायचे सोडून दिले. गोपाल नवा कुर्ता घालून सगळ्यांना पाणी देत फिरत होता. रात्री झोप नीट घेतली, गोळी वेळेवर घेतली, हे त्याने मला न विचारता सांगितलं. "दहा वर्सानंतर मांडवात उभा राहून राहिलो ताई," तो म्हणाला. "लोकं मले पाहुणा समजून राहिले." आणि तो हसला.

मुहूर्त सहाचा होता. वऱ्हाडात मुहूर्त सहाचा म्हणजे वरात सातला येणार, हे मी धरूनच चालले होते. तरी पश्चिमेचा उजेड विझत चालला तशी मी दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन येत होते. साडेसहाला आकाश निळं-काळं झालं, आणि तेव्हा दूरवरून डीजेचा दणका ऐकू आला. वळणावर वरात दिसली. पुढे नाचणारी पोरं, मागे घोडीवर नवरदेव, आणि सगळ्यांच्या पुढे डीजेची गाडी. तिच्यावर ते लाइट, जे क्षणात पांढरे, क्षणात काळे होतात. मांडवाच्या पांढऱ्या पडद्यावर ते दिसायला लागले. माझा पांढरा पडदा. मीच लावायला सांगितलेला.

मी वळून पाहिलं तर गोपाल जागेवर नव्हता. मांडवाच्या मागच्या बाजूला, फुलांच्या रिकाम्या टोपल्यांच्या आड तो पाठ करून बसला होता, एक डोळा झाकून. "मी वावरात जातो ताई," तो म्हणाला. "बाबाले सांगजा. वैष्णवीले आत्ताच सांगू नका."

मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सरळ फाटकाकडे निघाले. वाटेत नामदेवभाऊ हात जोडत वरातीला सामोरे जात होते. डीजेच्या गाडीपुढे प्रल्हादमामा फेटा सावरत नाचत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मामा, हे लाइट बंद करा. गाणं चालू द्या, लाइट बंद करा."

"काहून?"

"फोटो खराब होतात."

"मंग फोटोवाली बदलून टाकू," मामा म्हणाले. आजूबाजूची चार-सहा माणसं हसली. खोटं कारण घेऊन भांडायला गेलं की असं होतं. दुसऱ्याने ते उडवून लावलं की पाठीशी खरं कारण उभं राहत नाही. मी नामदेवभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, सांगू नका म्हणून.

तेवढ्यात घोडीवरून अक्षय खाली उतरला. मुंडावळ्या बाजूला करत तो गर्दीतून आला, डीजेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याने काहीतरी सांगितलं, आणि लाइट विझले. गाणं अर्ध्यात थांबलं. त्या शांततेत मामांचा आवाज मोठा वाटला. "काय झालं रे?"

"मामा, वैष्णवीच्या भावाले लाइटीनं फिट येते," अक्षय म्हणाला. "मी डीजेवाल्याले सकाळीच सांगतलं होतं, हे लाइट आनू नको. त्यानं आयकलं नाही, वळनावर आल्यावर लावूनच देल्ले."

नामदेवभाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. "जावाई," ते म्हणाले, "तुमाले हे कोनं सांगतलं?"

"तिनंच सांगतलं. पाह्याले आलो होतो, त्याच दिवशी. म्हणे, आधी हे आयका, मंग होकार-नकार द्या, अन् बाबाले मालूम पडू देऊ नका."

सोयरीक मोडेल म्हणून एक बाप महिनाभर नीट जेवला नव्हता, मी आठवडाभर पुण्याची बाई झाले होते, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. नामदेवभाऊ तिथेच फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि जावयाला परत घोडीवर चढायचा आग्रह करायला लागले. अक्षय म्हणाला, राहू द्या, आता चालतच येतो.

खरी कमाल केली ती प्रल्हादमामांनी. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, हे पह्यलेच सांगतलं असतं तं मी काय राक्षस हाये का?" मी म्हटलं, चूक झाली. "झाली तं झाली," ते म्हणाले आणि मांडवात शिरून मोबाइल काढलेल्या प्रत्येकासमोर जाऊन उभे राहायला लागले. "तुह्या फोनचा लाइट बंद हाये का? दाखव. नाही, मले दाखव." एका म्हाताऱ्या आत्याबाईंना फ्लॅश बंद कसा करायचा ते कळेना, तर मामांनी तो फोन खिशातच घालून टाकला. माइक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की ज्याचा लाइट चमकंन त्याले आज जेवन मिळनार नाही, आणि आज जेवनात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे हायेत. त्यानंतर कुणाची बिशाद नव्हती.

गोपालला टोपल्यांमागून आणायला वैष्णवी स्वतः गेली, नवरीच्या शालूत. मंगलाष्टकं तेवढ्यासाठी खोळंबली होती. मी मागे गेले नाही. काही फोटो काढायचे नसतात, एवढं इतक्या वर्षांत मला कळलं आहे. ती परत आली तेव्हा तिचा हात त्याच्या मनगटाभोवती होता.

मग माझी परीक्षा सुरू झाली. आकाश आता पुरतं काळं झालं होतं. पिवळे बल्ब बघायला छान, पण कॅमेऱ्याला ती बारीक धारच. मी मांडवाच्या खांबाला पाठ टेकवली, कोपरं पोटाशी घट्ट धरली, श्वास अर्धा सोडून थांबवला. डार्करूममध्ये असाच थांबवत असे. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी दोघं एकदम हसली आणि मागून अक्षता उडाल्या. तो फोटो माझा फसला. अक्षतांच्या रेघा आल्या आणि चेहरे हलले. आयुष्यात एकदाच येणारा क्षण आणि माझ्या हातून गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. फ्लॅश असता तर तो मिळाला असता, हे मी नाकारत नाही.

त्यामुळे कान पिळायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की हा फोटो सोडायचा नाही. गोपाल पुढे आला. त्याचा हात थरथरत होता. मी मोठ्याने सांगितलं, "गोपाल, कान धरून ठेव. हलू नको. जावई, तुम्हीही हलू नका." त्याने कान धरला. मी शटर दाबलं, हललं. "अजून एकदा." परत दाबलं, मागून कुणीतरी खोकलं आणि अक्षयने मान वळवली. "अजून एकदा. तसाच धर." असं करता करता अक्षयचा कान किती वेळ पिळला गेला, मला भान नव्हतं. लोक हसायला लागले. अक्षय दात आवळून म्हणाला, "ताई, याच्यापेक्षा फ्लॅश बरा होता." त्यावर गोपाल इतका मोकळा हसला की त्याचा हात थरथरायचा थांबला, आणि मी तो फोटो घेतला. दाणेदार आहे, पिवळा आहे, पण एकही चेहरा हललेला नाही. अक्षयचा कान मात्र जेवणं होईपर्यंत टोमॅटोसारखा लाल होता. त्याने गोपालला भेट म्हणून मनगटी घड्याळ दिलं आणि म्हणाला, "घे, पुढच्या वेळेस किती मिनिटं पिळला ते मोजजो."

अल्बम द्यायला गेले तेव्हा वैष्णवीच्या आईने सगळी पानं उलटली आणि नाक मुरडलं. "फोटो चांगले हायेत, पन सारे सावळे दिसून राहिले." मी म्हटलं, सगळे सावळेच आहेत. त्या म्हणाल्या, तरी पन. घरी येऊन मी आठ-दहा फोटो थोडे उजळले. त्या खूश झाल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाशी तत्त्वासाठी भांडायचं नसतं.

आठ-नऊ महिन्यांनी एका दुपारी गोपाल बाजारात फुलं पोचवून एकटाच दुकानात आला. मी मागच्या खोलीत होते. बाकावर तीन बायका आपापल्या नंबरासाठी बसल्या होत्या आणि काउंटरवर आमचे हे होते. मला त्याचा आवाज ऐकू आला. नेहमीच्या आवाजात, बाजारात भाव सांगावा तसा तो म्हणत होता, "फोटो काढाचा हाये काका. लग्नासाठी पोरीकडं द्याचा हाये. मले फिट येते, तं लाइट मारू नका."

मी बाहेर आले. बायकांपैकी एकीने त्याच्याकडे पाहिलं, बाकीच्या दोघींनी तेवढंही केलं नाही. मी खुर्ची ओढून दाराशी ठेवली आणि त्याला रस्त्याकडे तोंड करून बसवलं. दुपारचा उजेड समोरच्या भिंतीवरून आत येत होता, पण बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसलेल्या बाईंची सावली त्याच्या गालावर पडत होती. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवी उचलली आणि त्या बाजूला सरकल्या.